पक्षाघात : ओळख, उपचार आणि पुनर्वसन

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सव म्हणजे मागे वळून पाहण्याचा आणि पुढची वाट ठरवण्याचा क्षण. गेल्या पन्नास वर्षांत वैद्यकशास्त्राने जी वाटचाल केली, तीत पक्षाघाताचा अध्याय विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. पन्नास वर्षांपूर्वी घरातील कर्त्या माणसाचे अर्धे अंग लुळे पडले, की कर्मोदय म्हणून ते स्वीकारण्याखेरीज कुटुंबाच्या हाती फारसे काही उरत नसे. मेंदूचे अंतरंग दाखवणारे सीटी स्कॅन यंत्र रुग्णासाठी प्रथम वापरले गेले ते १९७१ मध्ये, लंडनमध्ये. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध उपयोगी पडते हे अमेरिकेतील चाचणीतून सिद्ध झाले १९९५ मध्ये. गुठळी बारीक नळीने बाहेर काढण्याची पद्धत सर्वमान्य झाली २०१५ नंतर. आज या व्याधीवर उपचार आहे. त्याची पहिली अट मात्र कठोर आहे : रुग्ण वेळेत पोहोचला पाहिजे.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांत या अटीला वेगळेच महत्त्व येते. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर आणि पाडे, मधून पश्चिम रेल्वे आणि मुंबई-अहमदाबाद महामार्ग, उत्तरेला गुजरातची हद्द. चिकूच्या वाडीत, पेढीवर किंवा उपाश्रयात एखाद्याला पक्षाघाताचा झटका आला, तर त्या क्षणापासून घड्याळ सुरू होते. त्या घड्याळातील किती मिनिटे रस्त्यात जातील हे कोणाच्या हाती नसते. परंतु घरात किती मिनिटे जातील, हे कुटुंबाच्या पूर्वतयारीवर अवलंबून असते.

ग्रामीण महाराष्ट्रात ही व्याधी किती खोलवर पोहोचली आहे, याचा पुरावा गडचिरोलीतून मिळाला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी ८६ गावांतील २०११ ते २०१३ या काळातील मृत्यूंची कारणे घरोघरी जाऊन तपासली. त्यात पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले. दर शंभर मृत्यूंपैकी सुमारे चौदा पक्षाघाताचे होते. त्याहूनही अंतर्मुख करणारी गोष्ट अशी, की यातील बहुसंख्य रुग्णांचे देहावसान घरीच झाले होते. पक्षाघात हा शहरातील श्रीमंतांचा आजार आहे, हा समज या अभ्यासाने खोटा ठरवला.

पक्षाघात म्हणजे काय?

बोलीभाषेत याला लकवा, अर्धांगवायू किंवा 'अंगावरून वारं गेलं' असे म्हटले जाते. या शब्दांमुळे हा हातापायांचा किंवा वाऱ्याचा विकार असावा, असा ग्रह होतो आणि तेल, शेक, मालीश यांकडे मन वळते. वस्तुतः हा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार आहे. मेंदूचे वजन शरीराच्या वजनाच्या अवघे दोन टक्के. परंतु शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के प्राणवायू एकटा मेंदू वापरतो. त्याच्याजवळ साठा नसतो. रक्तप्रवाह थांबला की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी बंद झाल्यास दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या भागाचे आणि उजवी बाजू डाव्या भागाचे नियंत्रण करते. म्हणून आघात एका बाजूला आणि लुळेपणा दुसऱ्या बाजूला, असे दिसते. बहुतेकांमध्ये वाचेचे केंद्र डाव्या मेंदूत असल्यामुळे उजवे अंग लुळे पडलेल्या रुग्णाचे बोलणेही अनेकदा जाते.

पक्षाघाताचे प्रकार

पहिला आणि सर्वाधिक आढळणारा प्रकार रक्तपुरवठा अडल्यामुळे होणारा. मानेतील किंवा मेंदूतील धमनीत चरबीचा थर साचून तेथे गुठळी होते, किंवा हृदयात तयार झालेली गुठळी वाहत जाऊन मेंदूच्या धमनीत अडकते. दीर्घकाळच्या रक्तदाबाने आणि मधुमेहाने मेंदूतील अगदी सूक्ष्म धमन्याही बंद पडतात.

दुसरा प्रकार रक्तस्रावाचा. वाढलेल्या रक्तदाबाने जीर्ण झालेली धमनी फुटते आणि मेंदूत रक्त साचते. काही रुग्णांत धमनीवरचा कमकुवत फुगा फुटून मेंदूच्या आवरणाखाली रक्त पसरते. अशा वेळी आयुष्यात कधी अनुभवली नाही अशी तीव्र डोकेदुखी क्षणार्धात सुरू होते.

मुंबईत २००५-०६ मध्ये लोकवस्तीत केलेल्या पाहणीत सुमारे ८० टक्के रुग्ण पहिल्या आणि सुमारे १८ टक्के दुसऱ्या प्रकारचे आढळले. पंचवीस वर्षांवरील दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४५ जणांना पक्षाघात झाला, आणि त्यांतील जवळजवळ ३० टक्के रुग्ण २८ दिवसांच्या आत दगावले.

तिसरा प्रकार तुलनेने विरळ, पण तरुण स्त्रियांमध्ये दुर्लक्षून चालणार नाही असा. यात मेंदूतून अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या नीलांमध्ये गुठळी होते. बाळंतपणानंतरचे दिवस, शरीरातील पाण्याची कमतरता आणि संप्रेरकांच्या गोळ्या ही त्याची ठळक निमित्ते. वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, दृष्टी अंधुक होणे आणि फिट येणे ही लक्षणे असतात.

याशिवाय 'क्षणिक पक्षाघात' असतो. हात लुळा पडतो, जीभ अडखळते आणि काही मिनिटांत सारे पूर्ववत होते. घरचे सुटकेचा नि:श्वास टाकतात. हाच धोक्याचा क्षण होय. मोठ्या पक्षाघाताची शक्यता पुढील दोन दिवसांत सर्वाधिक असते. अशा रुग्णांना तातडीने औषधोपचार सुरू केल्यास लवकर येणाऱ्या दुसऱ्या झटक्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी घटले, असे इंग्लंडमधील २००७ च्या अभ्यासात दिसले. म्हणून बरे वाटले तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ओळख कशी पटवावी?

चार गोष्टी घरातील लहान-थोर सर्वांना पाठ असाव्यात.

१. चेहरा : हसायला सांगावे. तोंड एका बाजूला वाकडे होते का?
२. हात : दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगावेत. एक हात खाली घसरतो का?
३. बोलणे : साधे वाक्य उच्चारायला सांगावे. जीभ जड होते का, शब्द चुकतात का, समोरच्याचे बोलणे कळते का?
४. वेळ : यांपैकी एकही लक्षण अचानक दिसले तर वेळ पाहावी आणि तत्काळ निघावे.

अचानक तोल जाणे आणि अचानक एका डोळ्याने किंवा एका बाजूचे न दिसणे, हीसुद्धा पक्षाघाताची लक्षणे असू शकतात.

वेळ पाहावी म्हणजे रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ कागदावर लिहावी. पहाटे उठताना लक्षणे दिसली, तर रात्री झोपताना तो ठीक होता का, मध्ये पाणी प्यायला उठला होता का, हे आठवावे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो आणि औषध देण्याचा निर्णय त्यावर ठरतो.

घरी काय टाळावे?

रुग्णाला पाणी, चहा, औषध काहीही पाजू नये. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडते आणि घोट फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. अ‍ॅस्पिरिनची गोळी घरी देऊ नये. गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाही सांगता येत नाही आणि रक्तस्रावात तीच गोळी घातक ठरू शकते. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून तो घाईने उतरवणारी गोळी जिभेखाली ठेवू नये. रुग्णाला कुशीवर निजवावे, कपडे सैल करावेत आणि साखर मोजण्याचे यंत्र असल्यास साखर मोजावी, कारण साखर फार उतरल्यानेही हुबेहूब अशीच लक्षणे दिसतात. मालीश करणाऱ्याला बोलावण्यात, नातेवाइकांना फोन करण्यात किंवा 'सकाळी पाहू' म्हणण्यात वेळ दवडू नये.

अंतराचा प्रश्न आणि आधी घ्यायचा निर्णय

डहाणूत आणि कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, तलासरीत ग्रामीण रुग्णालय आहे. येथे प्राथमिक स्थैर्य देता येते. परंतु पक्षाघाताच्या विशेष उपचारासाठी चोवीस तास सीटी स्कॅन, गुठळी विरघळवणारे औषध आणि ते देणारे जाणकार डॉक्टर, या तिन्ही गोष्टी एकाच छताखाली लागतात. डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर रेल्वेने सुमारे १२४ किलोमीटर. रस्त्याने जाताना महामार्गावरील कोंडीत किती वेळ जाईल याचा भरवसा नाही. तलासरी, अच्छाड, उधवा भागातील कुटुंबांना वापी, सिल्वासा किंवा वलसाड जवळचे. वाणगाव-चिंचणीकडील कुटुंबांना बोईसर-पालघरची बाजू सोयीची.

म्हणून प्रत्येक कुटुंबाने निरोगी दिवसांत एक काम करावे. आपल्या घरापासून तासाभराच्या आत येणाऱ्या दोन-तीन रुग्णालयांत चौकशी करून विचारावे : रात्री दोन वाजता सीटी स्कॅन होतो का? गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन दिले जाते का? नसेल तर पुढे कोठे पाठवले जाते? उत्तरे आणि दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारावर लावावेत. 'मुंबईलाच नेऊ' हा आग्रह प्रेमापोटी होतो. परंतु चार तास प्रवास करून मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यापेक्षा एका तासात जवळच्या सुसज्ज रुग्णालयात पोहोचणे रुग्णाच्या अधिक हिताचे असते. १०८ क्रमांकाची मोफत रुग्णवाहिका महाराष्ट्रात जानेवारी २०१४ पासून उपलब्ध आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणते उपचार बसतात, याची माहिती योजनेतील रुग्णालयांत आरोग्यमित्राकडे मिळते. सीमेपलीकडचे रुग्णालय निवडायचे असेल, तर तेथे ती योजना लागू आहे का, हेही आधीच विचारून ठेवावे.

रुग्णालयातील उपचार

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही असे दिसले आणि लक्षणे सुरू होऊन साडेचार तास उलटले नसतील, तर योग्य रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देता येते. पूर्वी हा अवधी तीन तासांचा होता. २००८ च्या युरोपीय चाचणीनंतर तो वाढला. अल्टेप्लेज हे औषध तासभर थेंबाथेंबाने द्यावे लागते. टेनेक्टेप्लेज एकाच इंजेक्शनात देता येते. या उपचाराचे यशापयश प्रामाणिकपणे समजून घ्यावे. अनेक चाचण्यांच्या एकत्रित निष्कर्षांनुसार तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ३३ जण जवळजवळ पूर्ववत झाले. औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण २३ होते. म्हणजे शंभरांत दहा माणसे अधिक सावरली. दुसऱ्या बाजूला, १९९५ च्या मूळ चाचणीत शंभरांतील सुमारे सहा जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला. म्हणूनच डॉक्टर संमतीपत्र घेतात. त्या वेळी गावाकडील चार आणि मुंबईतील सहा नातेवाइकांचे मत घेण्यात अर्धा तास घालवला, तर लाभ घटतो आणि धोका तसाच राहतो. घरात निर्णय कोण घेणार, हे आधीच ठरलेले असावे.

मोठ्या धमनीतील गुठळी जांघेतून नळी घालून काढता येते. ही सोय मोठ्या शहरांतील निवडक केंद्रांत आहे. सामान्यतः पहिल्या सहा तासांत ती करतात. २०१८ च्या दोन चाचण्यांनंतर निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंतही तिचा विचार होतो. त्यामुळे साडेचार तास उलटले म्हणून आशा सोडून घरी बसू नये.

रक्तस्राव झालेल्या रुग्णांत रक्तदाब वैद्यकीय देखरेखीखाली त्वरेने आटोक्यात आणणे, रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम उलटवणे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करणे हे उपचार असतात. धमनीवरचा फुगा फुटला असेल, तर तो चिमट्याने किंवा तारेच्या वेटोळ्याने बंद करतात.

धोका कोणाला?

बत्तीस देशांत झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इंटरस्ट्रोक' अभ्यासाने दाखवले, की पक्षाघाताचा सुमारे नव्वद टक्के धोका दहा टाळण्याजोग्या कारणांशी निगडित आहे : उच्च रक्तदाब, शरीरश्रमाचा अभाव, रक्तातील चरबी, आहार, पोटाचा घेर, मानसिक ताण, धूम्रपान, हृदयविकार, मद्य आणि मधुमेह. यात सर्वांत वजनदार कारण उच्च रक्तदाबाचे. रक्तदाब दुखत नाही. म्हणून तो मोजल्याशिवाय कळत नाही. वरचा आकडा दहाने कमी राखला तर पक्षाघाताचा धोका सुमारे एकचतुर्थांशाने घटतो. तिशीनंतर प्रत्येकाने वर्षातून किमान एकदा तो मोजावा.

मद्य-मांसाचा त्याग करणाऱ्या समाजाला व्यसनांच्या धोक्यापासून मोठे संरक्षण लाभते, यात संशय नाही. परंतु शाकाहार हे अभेद्य कवच आहे, असे मानू नये. लोणची, पापड, फरसाण आणि खारवलेले खाखरे यांतून मीठ किती पोटात जाते, याचा हिशेब क्वचितच होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढ माणसाला दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे एक सपाट चमचा, इतकीच आहे. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसणे, संध्याकाळी तळलेले पदार्थ आणि समारंभातील मिष्टान्ने, यांची बेरीज पोटाच्या घेरात दिसते. शाकाहारी भारतीयांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता आणि त्यामुळे रक्तात होमोसिस्टीन नावाचे द्रव्य वाढणे, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आले. हे द्रव्य वाढलेल्या व्यक्तींत पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ही तपासणी करून घ्यावी.

हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा 'एट्रियल फिब्रिलेशन' हा विकार पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट वाढवतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधांनी तो धोका जवळजवळ दोनतृतीयांशाने कमी होतो. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या तरुण रुग्णांतही हे औषध महत्त्वाचे ठरते.

या परिसरातील आणखी एक कारण सांगितलेच पाहिजे. वाडीत, दुकानात आणि घरकामात साथ देणाऱ्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात कोयत्याच्या आकाराच्या झालेल्या रक्तपेशी धमन्या बंद करतात आणि शाळकरी वयातील मुलालाही पक्षाघात होऊ शकतो. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाखाली तपासणी होते. अशा मुलाचे तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर भगताकडे जाण्याआधी त्याला रुग्णालयात पोहोचवणे ही मालकाचीही जबाबदारी आहे.

तपश्चर्या आणि औषध

पर्युषण पर्वात अठ्ठाई, चातुर्मासात मासक्षमण, वर्षभर वर्षीतप, आयंबील, एकासणे ही समाजाची आध्यात्मिक संपत्ती आहे. त्या संपत्तीचे रक्षण करण्यासाठीच काही वैद्यकीय गोष्टी स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

रक्तदाबाची गोळी उपवासाच्या दिवशी स्वतःच्या मनाने बंद केली जाते. काही गोळ्या एकाएकी थांबवल्यास रक्तदाब पूर्वीपेक्षाही उसळतो. याउलट, अन्नपाणी न घेता नेहमीच्या मात्रेत घेतलेली मधुमेहाची किंवा लघवी वाढवणारी गोळी साखर आणि रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते. दोन्ही टोके वाईट. बऱ्याच औषधांच्या दिवसातून एकदाच घ्यायच्या गोळ्या मिळतात आणि नवकारशीनंतर ते चौविहारापूर्वीच्या काळात त्या बसवता येतात. म्हणून तप सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटावे. पच्चक्खाणात आगारांची तरतूद असते. आजारी तपस्व्याने औषधाचा प्रश्न लपवून न ठेवता पच्चक्खाण घेण्यापूर्वीच तो गुरुभगवंतांसमोर ठेवावा आणि त्यांचे मार्गदर्शन घ्यावे.

रक्त पातळ करणारे वॉरफरिन घेणाऱ्यांसाठी एक बारकावा आहे. पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्व या औषधाला विरोध करते. पर्वतिथींना आणि पर्युषणात लीलोतरीचा त्याग केला, की औषधाचा परिणाम अकस्मात वाढतो. पारण्यानंतर पालेभाज्या पुन्हा सुरू केल्या, की तो घटतो. अशा काळात रक्ताची आयएनआर तपासणी अधिक वेळा करून घ्यावी.

दीर्घ उपवासात पाणी कमी घेतल्यास रक्त घट्ट होते. त्यातच धर्मक्रियेत अडथळा येऊ नये म्हणून काही भगिनी मासिक पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या घेतात. या दोहोंचा संयोग मेंदूच्या नीलांमध्ये गुठळी होण्यास निमित्त ठरू शकतो. डॉक्टरांना न विचारता अशा गोळ्या कदापि घेऊ नयेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे : अठ्ठाईच्या पाचव्या दिवशी तपस्व्याची जीभ जड झाली किंवा हातातील नवकारवाळी गळून पडली, तर तो 'उपवासाचा अशक्तपणा' समजून कोणी त्याला झोपवून ठेवू नये. अशक्तपणा दोन्ही अंगांना सारखाच जाणवतो. एकाच बाजूला आलेला लुळेपणा पक्षाघाताचा समजून निघावे.

पुनर्वसन : दीर्घ पल्ल्याचे तप

प्राण वाचले की उपचार संपले, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुनर्वसनाचे कार्य तेथून सुरू होते. मेंदूतील मृत पेशी परत येत नाहीत. मात्र शेजारच्या जिवंत पेशी सरावाने नवी कामे शिकू शकतात. हा गुण पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वाधिक प्रभावी असतो. त्यानंतरही सुधारणा होत राहते, पण मंद गतीने.

घाईही करू नये. पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला फार जोराने उठवण्या-चालवण्याचा लाभ होत नाही, उलट परिणाम किंचित प्रतिकूल दिसले, असे २०१५ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत आढळले. प्रकृती स्थिर झाल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने थोडे थोडे, पण वारंवार उठवावे.

अंथरुणावरील रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. लुळ्या हाताखाली उशी द्यावी. उठवताना त्या हाताला किंवा काखेला धरून कधीही ओढू नये. स्नायूंचा आधार गेलेला खांदा निखळतो आणि पुढे महिनोन्महिने दुखतो. गिळण्याची चाचणी झाल्याखेरीज तोंडाने काही देऊ नये. नंतरही रुग्णाला ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून, लहान घासांनी भरवावे. सदरा घालताना लुळा हात आधी घालावा, काढताना तो शेवटी काढावा. काठी चांगल्या हातात धरावी. पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना कमजोर पाय आधी.

व्यायाम जीवनातील कामांशी जोडलेला असेल, तर तो अधिक उपयोगी पडतो. डाळ निवडणे, नाणी मोजणे, वहीवर रेघा ओढणे, बटण लावणे, भांडे उचलून फळीवर ठेवणे, ही कामे लुळ्या हाताला द्यावीत. बोटांत थोडी शक्ती आली की त्याच हाताने नवकारवाळीचे मणी ओढावेत. बोटांच्या सूक्ष्म हालचालींसाठी याहून परिचित साधन सापडणे कठीण. वाचा गेलेल्या अनेक रुग्णांना दोन शब्दांचे वाक्य जुळवता येत नाही. मात्र लहानपणापासून मुखोद्गत असलेला नवकार मंत्र किंवा स्तवन ते सोबत म्हणू शकतात. पाठांतराची आणि नव्या वाक्यरचनेची वाट मेंदूत वेगळी असल्यामुळे हे घडते. वाचोपचारतज्ज्ञ या दारातून पुढे जातात. उपचार रुग्णाच्या घरच्या भाषेत व्हावा : घरात गुजराती किंवा मारवाडी बोलली जात असेल तर त्या भाषेत, मराठी असेल तर मराठीत.

केवळ घरच्यांच्या मायेवर हे काम भागेल का? भारतातील १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर झालेली 'अटेंड' चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी व्यायाम करवून घेतलेल्या रुग्णांत सहा महिन्यांनंतर विशेष फरक आढळला नाही. यातून कुटुंबाने निराश होण्याचे कारण नाही. मात्र तज्ज्ञ फिजिओथेरपिस्टची जागा घरचा उत्साह घेऊ शकत नाही, हे ध्यानी घ्यावे. तज्ज्ञाने दाखवावे, घरच्यांनी जपावे आणि रुग्णाने रोज करावे, असा हा त्रिवेणी संगम आहे.

मनाकडेही पाहावे. पक्षाघातानंतर सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. कालपर्यंत पेढी सांभाळणारा माणूस आज लघवीसाठी हाक मारतो, याचे दु:ख तो बोलून दाखवत नाही. तो हट्टी झाला, आळशी झाला, असे म्हणून त्याला बोल लावू नयेत. नैराश्यावरही औषध आहे. त्याचबरोबर सेवा करणाऱ्या पत्नीची, सुनेची किंवा मुलाची पाठ आणि झोपही जपावी.

दुसरा झटका टाळण्यासाठी रक्तदाबाची, कोलेस्टेरॉलची आणि डॉक्टरांनी ठरवलेली रक्त गोठू न देणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात. 'आता बरे वाटते' म्हणून गोळी बंद करणे हे दुसऱ्या झटक्याला दिलेले आमंत्रणच होय.

समाजाने काय करावे?

जैन परंपरेने आजारी माणसाच्या सेवेला वैयावृत्त्य म्हटले आणि तिची गणना आभ्यंतर तपात केली. उपवास करणाऱ्याची जशी अनुमोदना होते, तशीच पक्षाघात झालेल्या सासूला दोन वर्षे उठवणाऱ्या-बसवणाऱ्या सुनेचीही व्हावी. सुवर्णमहोत्सवी वर्षात काही साधी कामे सहज हाती घेता येतील. उपाश्रयात रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवून दर महिन्याच्या ठरावीक दिवशी मोजणी करावी. चाकाची खुर्ची, वॉकर, हवेची गादी, कमोडची खुर्ची यांची एक साधनपेढी उभारून ती जातिधर्म न पाहता गरजूंना द्यावी. देरासराच्या पायऱ्यांना कठडा लावावा आणि सामायिकासाठी खुर्चीची सोय करावी, म्हणजे रुग्ण घरात कोंडला जाणार नाही. आठवड्यातून दोन दिवस फिजिओथेरपिस्टची सेवा मिळाल्यास पाड्यापाड्यांतील रुग्णांनाही लाभ होईल. तपस्व्यांची औषधविषयक तपासणी पर्युषणाच्या पंधरा दिवस आधी व्हावी. आणि सूचनाफलकावर चेहरा, हात, बोलणे, वेळ हे चार शब्द, १०८ हा क्रमांक आणि जवळच्या सुसज्ज रुग्णालयांची नावे कायम लिहिलेली असावीत.

आयुष्याचा क्षण अमूल्य आहे, प्रमाद करू नये, असे प्रवचनांतून वारंवार ऐकायला मिळते. पक्षाघाताच्या प्रसंगी या उपदेशाचा अर्थ अक्षरशः मिनिटांत मोजला जातो. आज घरी परतल्यावर प्रत्येकाने दोनच गोष्टी कराव्यात : घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीचा रक्तदाब मोजावा, आणि रुग्णालयाचा क्रमांक लिहून दारावर लावावा. त्या कागदाची गरज कधीच पडू नये, ही मंगल कामना. परंतु गरज पडली, तर तो शोधावा लागू नये.

जय जिनेंद्र.